निजून राहा, वयनी

माझ्या बायकोचं हाड मोडलं ते दुसऱ्या बाईचं मोडलेलं हाड बघायला गेली म्हणून. हसू आलं असेल तर हसा. मला येत नाही. वरच्या आळीतल्या एका बाईच्या मनगटाला प्लास्टर घातलं होतं. तिला केळी देऊन, तिच्याजवळ बसून, हळहळून आनंदी परत येत होती. आमच्याच अंगणात, मोरीचं पाणी जातं तिथल्या शेवाळलेल्या फरशीवर पाय सटकला आणि बाई आडवी. ती फरशी घासायला मी महिनाभर सांगत होतो. पण घरात माझं ऐकतो कोण?

खुब्याचं हाड गेलं. पनवेलला नेली. डॉक्टरनं मोडका गोळा काढून टाकला, त्याच्या जागी धातूचा बसवला आणि दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून उभी केली. उभी राहिली हो! चार पावलं चालली. मला वाटलं, सुटलो.

कुठला सुटतो! घरी आलो आणि माणसं यायला लागली.

आमच्या खालापूर-कर्जतच्या पट्ट्यात आजारी माणसाला बघायला जायचं असतं. नुसतं भेटून भागत नाही, तो निजलेला दिसावा लागतो. तुम्ही शहाळं, बिस्किटाचे पुडे घेऊन दोन गाड्या बदलून आलात आणि पेशंट खुर्चीत बसून चहा पितोय, असं झालं की तुमचा चेहराच पडतो. परत जाताना लोक बोलतात, "काय नाय रं झालेलं त्याला, चांगला बसलाय." आणि तेच पेशंट डोळे मिटून कण्हत असला की सगळ्यांचं समाधान. बिचारीला बघवत नाही म्हणत म्हणत अर्धा तास बघत बसतात.

मी एसटीत कंडक्टर होतो, कर्जत डेपोला. 'पुढे चला, पुढे चला, आत जागा आहे' असं ओरडण्यात माझा जन्म गेला. भरलेल्या गाडीत मी माणसं सरकवली, कोंबड्या सरकवल्या, एकदा तर नवरा-नवरी करवल्यांसकट सरकवली. आणि घरातली एक बाई मला पलंगापासून दारापर्यंत सरकवता येईना.

कर्जतहून ऋजुता येत असे, आठवड्यातून दोनदा, स्कूटरवरून. फिजिओथेरपी करते. तिच्या आजोबांनी मला शाळेत छड्या मारल्या होत्या, त्यामुळे तिचं म्हणणं मी मुकाट ऐकतो. तिनं पहिल्याच दिवशी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, कुशीवर निजताना दोन पायांत उशी. आणि चालायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी चालायचं.

"काका, हाड जुळायचा प्रश्नच नाही," ती म्हणाली. "गोळा नवीन आहे, तो वजन घेतो. खरं काम मांडीच्या स्नायूंचं आहे. या वयात वापरले नाहीत तर ते फार लवकर वाळतात. होळीपर्यंत काकू अंगणात फिरल्या पाहिजेत."

"आणि नाय फिरली तर?"

तिनं आनंदीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तर मग पलंग काही सुटायचा नाही. छातीत कफ होईल, पाठीला जखमा होतील. मी घाबरवत नाही, पण तसंच होतं."

मी मात्र घाबरलो. आमचा मनोज आणि सून दोघं नोकरीला जातात. दिवसभर घरात आम्ही दोघंच. ही बाई कायमची आडवी झाली तर मी काय करू, हा विचार पाठ सोडीना. काय करू म्हणजे सेवा कशी करू असं नाही हो. सेवा करीन. पण सकाळी उठल्यावर मला बोल लावत घरभर फिरणारी बाई पाहिजे की नको मला?

तर होळीपर्यंतचे दिवस होते आणि दारात माणसांची रीघ. आला तो एकच मंत्र म्हणणार: "जोर देऊ नको गं. हाड जुळू दे."

"अरे, जुळायला हाड राहिलंय कुठं?" मी ओरडायचो. "काढून टाकलं ते! धातू हाय आत, धातू!"

"म्हनूनच सांगतो, धातू मांसात मुरायला वेळ लागतो."

लोणचं आहे का ते, मुरायला? एकीनं कसलंसं तेल आणलं, एकानं बोकडाच्या पायांचं सूप पाजायला सांगितलं. ते सूप मीच प्यालो, चांगलं होतं. एक म्हातारी तर माझ्या तोंडावर म्हणाली, "या वयात बायकोला चालवतोस होय रं? कंडक्टर तो कंडक्टरच राहिलास." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण म्हातारी नात्यानं आत्या लागते, तिला चहा करून द्यावा लागला.

आणि सगळ्यांवर कडी म्हणजे आमचा नामा. माझा चुलत भाऊ, शेजारच्या गावचा, टेंपोवाला. त्यानं वहिनीच्या आजारपणाची ट्रिपच लावली होती. आज ह्या वाडीचे, उद्या त्या वाडीचे, टेंपोत भरून आणायचा. एकदा येताना पोपटीचं, वालाच्या शेंगा भाजलेलं मडकं घेऊन आला, पेशंटच्या तोंडाला चव नसते म्हणून. पेशंटनं दोन शेंगा खाल्ल्या. बाकीचं मडकं बघायला आलेल्यांनी अंगणात बसून फस्त केलं आणि सालपटं मी झाडली.

मला राग लोकांचा नव्हता एवढा. राग आनंदीचा होता. कारण एरवी ती चालत होती. घरात कोणी नसलं की मला शिव्या घालत का होईना, वॉकर धरून खोलीत एक फेरी मारायची. पण बाहेर चपला वाजल्या की संपलं. पलंग, चादर हनुवटीपर्यंत, डोळे अर्धे मिटलेले. आणि माणसं काय सांगून येतात? मग कोणी येईल, कोणी येईल म्हणून ती आधीच निजून राहायला लागली. फेऱ्या कमी झाल्या, मग बंदच पडायला आल्या.

एका दुपारी मी अगदी हातापाया पडून तिला उठवली होती. खोलीच्या मधोमध आली होती. "आमटीत मीठ जास्त घातलंत," असं मला खणखणीत आवाजात ऐकवत होती. तेवढ्यात नामाच्या टेंपोचा हॉर्न वाजला.

"निजवा मला! अवो, निजवा लवकर!"

आणि वॉकर सोडून ती गर्रकन वळली. ऑपरेशनच्याच पायावर. तोल गेला. मी धावून धरली म्हणून वाचली, नाहीतर दुसरा खुबाही गेला असता. माझा डावा खांदा आधीच आखडलेला, हात वर जात नाही. त्याला असा हिसका बसला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिला कशीबशी पलंगावर टाकली.

"वॉकर लपवा," ती कुजबुजली.

आणि मी मूर्खासारखा तो तांदळाच्या पिंपामागे लपवला! घामाघूम होऊन उभा राहिलो तोवर नामा दारात, मागे पाच-सहा माणसं.

"कशी हाय तब्येत, वयनी?"

"आता कसली तब्येत," आनंदी म्हणाली. आवाज असा की विहिरीतून यावा. "पडून हाय आपली."

"निजून राहा, वयनी. अजिबात उठू नका. हाड जुळू दे."

मी आतल्या खोलीत जाऊन उशीवर बुक्क्या मारल्या. खोटं नाही सांगत.

त्याच आठवड्यात ऋजुतानं टेपनं आनंदीच्या दोन्ही मांड्या मोजल्या, आणि परत एकदा मोजल्या. मी तिला स्कूटरपर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाली, "काका, मांडी मागच्यापेक्षा बारीक झालीय. काकू चालतच नाहीयेत ना? मी बाहेरून येऊन किती करणार? बाकीचा सगळा दिवस तुमचा आहे."

तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच लागलं. मी घरात आलो आणि आनंदीवर असा तुटून पडलो की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

"मरायचंय काय तुला? लोक बघतील म्हनून पलंगावर मरनार? निजलीस तर संपलीस, कळतं का? कोन लागून गेलेत हे? तुला उचलायला येनार हाय का नामा?"

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "कशेळ्याचं कुनी आलं का ओ?"

"कशेळ्याचं? तुझा लांबचा भाचा येऊन गेला ना गेल्या आठवड्यात."

"तो नाय. गोदू."

गोदूबाई म्हणजे तिची चुलत बहीण. दोघी एका घरात वाढल्या, एका मांडवात दोघींची लग्नं लागली. गोदू कशेळ्याच्या पुढं, रस्त्याला लागूनच्या वाडीत दिलेली. लहानपणापासून एकमेकींशिवाय पान हलत नसे. आणि गेली दोन वर्षं नाव काढत नव्हत्या. मी विचारलं की आनंदी विषय बदलायची.

आता रडत रडत सांगायला लागली. गोदूची कंबर धरली होती तेव्हा ही तिला बघायला गेली होती. जाऊन बघते तर गोदू ओटीवर बसून सुपात तांदूळ पाखडत होती. ही चिडली. एवढ्या उन्हाची शहाळी घेऊन गेले आणि बाई पाखडत बसलेली! मग हिनं पुढच्या लग्नात चार बायकांत सांगितलं, "गोदूला काय धाड भरलीय? सूप हलवत बसलेली. आजारी मानूस असं असतं होय?" ते फिरत फिरत गोदूच्या कानावर गेलं.

"ती कवाबी येईल बघायला," आनंदी म्हणाली. "भाच्याला विचारलं तर म्हनतो, घरीच असते. म्हंजे मोकळी हाय, येईलच. आली आनि मी चालताना दिसले तर? माझंच बोलनं माझ्याच तोंडावर मारील. ती येऊन जाऊ दे एकदा. मग चालंन मी, तुमी म्हनाल तेवढं."

मी डोकं धरून बसलो. म्हणजे एवढे दिवस मी जगाशी भांडत होतो आणि ही बाई एका माणसासाठी निजून होती. मांडी वाळली तरी चालेल, पण गोदूपुढं खरी आजारी दिसली पाहिजे. काय म्हणावं ह्या डोक्याला?

"मग आनतोच तिला," मी म्हणालो. "उद्याच्या उद्या आनतो. बघू दे तिला पोटभर!"

दुसऱ्या दिवशी सुनेनं रजा टाकली आणि मी निघालो. खालापूरहून कर्जत, कर्जतला कशेळ्याची गाडी. आतला कंडक्टर पोरगेलासा, दारातच माणसं तुंबली होती आणि हा मोबाइलवर बोलत होता. शेवटी मीच ओरडलो, "पुढे चला, आत जागा आहे!" माणसं सरकली. तेवढंच जरा बरं वाटलं.

वाटेत मी गोदूला काय काय सुनवायचं ते जुळवत होतो. एवढी मोठी बहीण मरणाच्या दारातून आली आणि तुला यायला सवड नाही, इथपासून सुरुवात करणार होतो.

ओटीवर तिची सून जना लसूण सोलत बसली होती. मला बघून उठली. "या मामा. आत्याबाई आत हायत." म्हणून मी आत गेलो.

गोदूबाई खाटेवर होती. चादरीखाली माणूस आहे हे चेहऱ्यामुळे कळत होतं, बाकी चादर सपाट. पूर्वी ही बाई डोक्यावर भाताचं ओझं घेऊन बांधावरून पळायची, मी बघितलंय. मला बघून तिनं हात वर केला.

"दाजी! आनंदी कशी हाय ओ? खुबा मोडला म्हनं तिचा. मला यायचं होतं."

"मग का नाय आलीस?" मी म्हणालो. पण आवाजात दम नव्हता.

"कशी येऊ? पाय धरत नायत."

पुढचं जनानं सांगितलं, मला पाणी देता देता. कंबर धरली तेव्हा कर्जतच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं होतं, मणक्यात गॅप आहे, पण निजून राहू नका, ओझं उचलू नका आणि घरातलं हलकं काम करत राहा. म्हणून बाई सूप घेऊन बसली होती. मग लग्नातलं ते बोलणं कानावर आलं. तेव्हापासून कोणी बघायला आलं की आडवी व्हायला लागली. लोक खोटी म्हणतील म्हणून. आधी लोक असताना, मग लोक येतील म्हणून, मग लोक यायचे थांबले तरी. "कंबर बरी झाली, मामा, कवाच. पन तोवर पायातली ताकदच गेली. आता दोघांनी धरल्याबिगर उभ्या नाय ऱ्हात. आमी लय सांगितलं. ऐकतच नायत."

"ऐकतच नायत," मी म्हणालो. "मला नको सांगू बाई ते."

मी जे जुळवून आणलं होतं त्यातला एक शब्द तोंडातून निघाला नाही. निघताना गोदूनं माझा हात धरला. "आनंदीला सांगू नका मी अशी हाय म्हनून. उगा जिवाला लावून घेईल. कामात हाय म्हना."

येताना गाडीत मला इतका संताप आला होता की बाजूला बसलेला माणूस उठून दुसरीकडे गेला. एक तिकडे निजलेली, एक इकडे निजलेली. कशासाठी? तर निजलेलं दिसावं म्हणून! एवढ्या दोन चांगल्या बायका! डोकं फुटायची वेळ आली माझी.

गोदूनं सांगू नका म्हटलं होतं. मी घरी आल्या आल्या सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, चपला न काढता सांगितलं. डॉक्टरनं सूप हलवायला सांगितलं होतं, हेही सांगितलं. कोणाच्या बोलण्यानं निजली तेही सांगितलं. मी काही देवमाणूस नाही.

आनंदी ऐकत होती. मध्ये एकदाच बोलली. "पाय धरतच नाय तिचा?"

"नाय."

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. जेवली नाही. मला वाटलं, जास्त बोललो. रात्रभर मलाच झोप लागली नाही, तिचं माहीत नाही.

सकाळी चुलीवर पाणी ठेवत होतो, तर आतून ठक, ठक, ठक आवाज. वॉकरचा. मी दारातून डोकावलो. ती खिडकीपर्यंत जाऊन परत फिरत होती, ओठ दाबून, कपाळावर घाम. माझ्याकडे बघितलंही नाही.

"कशेळ्याला जायचंय," एवढंच म्हणाली. "किती दिवसांत जमंल ते त्या पोरीला विचारा."

ऋजुताला विचारलं. ती म्हणाली, "आधी ओटीच्या पायऱ्या चढून-उतरून दाखवा, मग बघू." तेव्हापासून ह्या बाईनं मला जो पिदाडला! पहाटे उठवायची. पलंगावर गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मी मोजायचं. मोजताना डुलकी लागली की शिवी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, हे ती दिवसभर पुटपुटायची. माझ्या हाडाची काडं झाली. आणि तक्रार कुणाकडे करू? मीच तर मागून घेतलं होतं.

माणसं येतच होती. एके दिवशी नामा टेंपोभर माणसं घेऊन आला तेव्हा आनंदी ओटीवर फेऱ्या मारत होती. सगळे अंगणात आ वासून उभे. तिची मान खाली गेली, मी बघितलं. पाय थांबले. मला वाटलं, आता वळणार आणि आत पळणार.

"निजून राहा, वयनी!" नामा ओरडला. "असं काय करता? हाड…"

"नामा," ती म्हणाली, "पायरीवरनं बाजूला हो. वाटेत उभा हायस."

नामा बाजूला झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो कोणासाठी बाजूला झालेला मी बघितला. आलेल्या बायका जाताना आपसांत कुजबुजत होत्या, आणि काय कुजबुजत होत्या ते आनंदीला कळत होतं. तिनं तेच शब्द कधीतरी वापरले होते. तिचे डोळे भरले होते, पण फेरी पुरी केली.

होळीला चार दिवस असताना आम्ही कशेळ्याला गेलो, नामाच्याच टेंपोतून. ऋजुतानं सांगितलं होतं, सीट उंच पाहिजे, गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत, वर उशी ठेवा. टेंपोची पुढची सीट उंचच असते. नामा वाटभर कुरकुरत होता, "पेशंट पेशंटला बघायला जातो, हे कुठं ऐकलंय का, भाऊ?" आनंदीच्या पायाशी पिशवी होती. तिला बघायला आलेल्यांनी आणलेले बिस्किटाचे पुडे होते त्यात, सगळेच्या सगळे.

अंगणात टेंपो थांबला. जना आत ओरडली, "आत्याबाई, मावशी आल्या!" आणि मला आतून खाटेची करकर ऐकू आली. जाऊन बघतो तर गोदूनं चादर हनुवटीपर्यंत ओढलेली, डोळे अर्धे मिटलेले. हे सोंग मी घरी इतकं बघितलं होतं की तिथंच ओरडणार होतो.

आनंदी पायऱ्या चढत होती. चांगला पाय, मग दुसरा, मग वॉकर. उंबऱ्याशी दम खाल्ला आणि आत आली. गोदूनं डोळे उघडले.

तिची नजर आधी वॉकरवर गेली.

"चालतेस की," गोदू म्हणाली.

"चालते. तुला बघायला आले."

जनानं उंच खुर्ची दिली. आनंदी बसली, हात पुढं करून गोदूच्या अंगावरची चादर बाजूला केली आणि तिचे पाय बघितले. मांडीवरून हात फिरवला. मांडी कसली, नुसती कातडी. आनंदीचं तोंड वेडंवाकडं झालं.

"मी बोलले होते ते. लग्नात."

"म्हाईत हाय मला."

"तोंड जळो माझं."

"जळो," गोदू म्हणाली. आणि मग दोघी अशा रडायला लागल्या की जना चुलीवरचा चहा टाकून धावत आली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

रडून झाल्यावर आनंदीनं पदरानं नाक पुसलं. "कंबर दुखते का आता?"

"नाय दुखत."

"मग ऊठ."

"पाय धरत नायत गं."

"हाड मोडलंय का तुझं? माझं मोडलं. तुझं नुसतं मांस वाळलंय. वापरलं नाय की वाळतं ते. निजलीस तर संपलीस, कळतं का?"

माझे शब्द! जसेच्या तसे, माझेच! दोन महिने घसा फोडून मी जे सांगितलं, जे ह्या बाईनं ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं, ते आता माझ्यासमोर स्वतःचं म्हणून ऐकवत होती. मी तोंड उघडलं, पण जनानं मला चहा दिला.

आनंदीनं हाताची मूठ करून गोदूच्या गुडघ्याखाली सरकवली. "दाब. माझा हात खाली दाब."

गोदूनं डोळे मिटले. तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या.

"दाबलंस?"

"दाबलं की."

"मला नाय कळलं. परत."

गोदू दमली. थांबली. परत दाबलं. नामासुद्धा दारातून वाकून बघत होता.

"नाय कळलं. परत, गोदू. मला मघाशी चढताना किती दुखलं म्हाईत हाय का? परत."

गोदूचा चेहरा लाल झाला. मांडीवरची कातडी जराशी थरथरली.

"हां," आनंदी म्हणाली. "आता कळलं."

तिनं जनाला सगळं समजावून सांगितलं. टॉवेलची गुंडाळी कशी करायची, सकाळ-संध्याकाळ, मोजायला कोणी पाहिजे, मोजणारा झोपला तर शिवी द्यायची. ऋजुताचा नंबर मला सांगायला लावला. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली आणि वॉकर उचलून गोदूच्या खाटेला टेकवून ठेवला.

"मी परत येईन तवा दारात उभी दिसली पायजेस. निजलेली दिसलीस तर सगळ्या वाडीला सांगत सुटंन, आधीच सांगून ठेवते."

"तुझं तोंड म्हाईत हाय मला," गोदू म्हणाली. पण तिनं हात लांबवून वॉकरची मूठ धरून बघितली.

आनंदी माझ्या खांद्यावर हात टाकून बाहेर निघाली. डाव्याच खांद्यावर, आखडलेल्या. तिचं सगळं वजन त्यावर. कळ थेट मानेपर्यंत गेली.

"अगं, वॉकर राहिला आत," मी म्हणालो.

"राहू दे."

"राहू दे काय? डॉक्टरनं तुला दिलाय. ऋजुताला काय सांगू? तुला तर अजून काठीसुद्धा नाय दिली तिनं. आनि हा माझा दुखरा खांदा हाय, उजवा धर निदान! तुला काय कळतं का नाय? जीव गेला माझा तुला उभी करता करता…"

मी पायरीवर उभा राहून आणखी बरंच काही बोलत होतो. डोळ्यांतून पाणी येत होतं, खांद्यामुळे असेल. आनंदीनं तिथला हात काढला नाही. ऑपरेशनचा पाय आधी खाली टाकला, मग चांगला, आणि म्हणाली,

"पुढं चला."